मुलांची न्याहारी आणि सोलापूरची भाकरी

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. गणवेष चढवून मूल दाराशी उभे आहे. एक बूट पायात, दुसरा हातात. मागून आई कप पुढे करीत आहे. कपात चहा आणि बशीत चार बिस्किटे. 'एवढे तरी घेऊन जा' ही विनवणी सोलापुरातील बहुतेक सुशिक्षित घरांतून याच सुमारास ऐकू येते. ती मी स्वतःही दोन वर्षे नित्यनेमाने केलेली आहे. म्हणून आजच्या भाषणात उपदेशापेक्षा कबुलीचाच भाग अधिक आहे, असे श्रोत्यांनी समजावे.

माझी मुलगी तिसरीत असताना एके दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन खाली बसली. डॉक्टरांनी रक्त तपासले, त्यात रक्तकणांचे द्रव्य कमी भरले. औषध लिहून देण्याआधी त्यांनी विचारले, 'सकाळी काय खाते?' मी उत्तर दिले खरे, पण मनातून शरमले. कारण त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरातील दुरडीत, फडक्यात गुंडाळलेल्या रात्रीच्या दोन भाकरी पडून होत्या, आणि त्या कोणाला तरी देऊन टाकाव्यात असे मी सकाळीच योजिले होते.

हे दुखणे एका घरचे नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ६७ मुलांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. हा आकडा केवळ दरिद्री घरांचा आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. जेथे पैसा आहे तेथे बिस्किटांचा पुडाही आहे.

आता थोडा हिशेब मांडू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे २३ ग्रॅम प्रथिने व १५ मिलिग्रॅम लोह मिळावयास हवे. चार लहान बिस्किटांत प्रथिन जेमतेम दीड ग्रॅम. बाकी सारा मैदा, साखर आणि तेल. शिवाय चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोह आतड्यात शोषले जाण्यास अडथळा करते. याउलट ५० ग्रॅम पिठाची एक मध्यम भाकरी घ्या. तिच्यात पाच ग्रॅम प्रथिन आणि दोन मिलिग्रॅम लोह असते. तिच्यासोबत मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाण्यांचे कूट गेले तर आणखी पावणेपाच ग्रॅम प्रथिन. वर अर्धा पेला दूध किंवा वाटीभर दही. दिवसाच्या प्रथिनाचा निम्मा वाटा मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच पदरात पाडून घेते. लोहाचा वाटा मात्र एवढा मोठा होत नाही, तो दुपारच्या व रात्रीच्या जेवणांनी भरून काढावा लागतो, हेही सांगितले पाहिजे.

ज्वारीत एक उणीव आहे. शरीराची वाढ करणारे लायसिन नावाचे द्रव्य तिच्या प्रथिनात थोडे असते. ते डाळीत आणि दुधात विपुल असते. आपल्याकडील जुन्या बायकांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण भाकरीबरोबर पिठले, धपाट्यात बेसन, आंबिलीत ताक ही जोडणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

आणि ही ज्वारी आपल्या दाराशी पिकते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, परतीच्या पावसाने मुरविलेल्या ओलीवर, पाटाच्या पाण्याशिवाय येणारी ती मालदांडी. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. मालदांडीतूनच निवडून सिद्ध केलेला मोहोळचा 'एम ३५-१' हा वाण आज दख्खनच्या पठारावर दूरवर पेरला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा मोठमोठ्या शहरांतील दुकानांत ज्वारीच्या पिठाच्या सुबक पिशव्या झळकू लागल्या. आपल्याकडे मात्र पाहुणे आले की भाकरी झाकून ठेवण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाही.

माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. मुलाला भाकरीची चव नको असते, असे आपण म्हणतो. मुलाला नको असते ती तिच्याविषयीची आपली खालची नजर. ती ते आपल्या चेहऱ्यावरून अचूक टिपते. चवीचा प्रश्न त्या मानाने पुष्कळ सोपा आहे. मुलांना कुरकुरीत आवडते, लहान आकाराचे आवडते, आणि ज्यात आपला हात लागला आहे ते विशेष आवडते.

कुरकुरीतपणाच्या बाबतीत तर सोलापूरकरांना कोणाकडे हात पसरण्याचे कारण नाही. आपली कडक भाकरी पातळ थापून, मंद आचेवर पार कोरडी होईतो भाजलेली असते. ती पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. तिचे तुकडे वाटीत घालून, दह्यात कालवलेली शेंगाचटणी बाजूस ठेवा. मुले तिच्या आवाजासाठीच ती खातात. चटणी मात्र मुलांसाठी निराळी करावी. शेंगदाणे भाजून, लसूण, जिरे, मीठ आणि नेहमीच्या चौथाई तिखट घालून, तेल सुटेपर्यंत उखळात कुटावी. दाणे निवडताना बुरशी धरलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे निष्ठुरपणे टाकून द्यावेत. त्या बुरशीत यकृतास घातक असे विष असते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. चार-पाच वर्षांखालील मुलास अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूटच द्यावे.

रात्रीची भाकरी उरली असेल तर तिचा कुस्करा. दोन भाकरी हाताने बारीक कुस्करून त्यांवर चार चमचे ताक शिंपडून दहा मिनिटे झाकून ठेवाव्यात. हे ताक विसरले तर कुस्करा घशाला कोरडा लागतो आणि मूल पुन्हा त्याचे नाव काढीत नाही. मी हा प्रमाद केलेला आहे. मग तेलात मोहरी, जिरे, कढीपत्ता, चिरलेला कांदा, हळद. कांदा मऊ झाला की कुस्करलेली भाकरी, मीठ, दोन चमचे कूट. झाकण ठेवून एक वाफ आणावी. उतरविल्यावर वरून अर्धे लिंबू पिळावे. लिंबाचे महत्त्व केवळ चवीपुरते नाही. त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अंगी लागते. तेच काम पेरूची एक फोड अधिक चांगले करते. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ सालीच भौगोलिक मान मिळाला आहे आणि ते मुलांना प्रियही आहे. तथापि या एका कामी पेरूच सरस, हे गावचा अभिमान बाजूस ठेवून सांगावे लागते. भाकरीला आंबूस वास किंवा चिकटपणा आला असेल, तर मात्र कुस्कऱ्याचा मोह सोडावा.

रविवारी, सवड असेल तेव्हा, धपाटे करावेत. ज्वारीचे पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, कणीक अर्धी वाटी, बारीक चिरलेली मेथी किंवा किसलेली काकडी एक वाटी, चमचाभर तीळ, चिमूटभर ओवा, लसणाचे वाटण, हळद, मीठ आणि अर्धी वाटी दही. काकडी घातली तर वेगळे पाणी बहुधा लागतच नाही. कोरडी पिठे व चिरलेली भाजी आदल्या रात्री निरनिराळी तयार ठेवावी. मळून ठेवू नये, भाजीला पाणी सुटून पीठ सैल होते. पोळपाटावर ओले फडके पसरून त्यावर लहान लहान धपाटे थापावेत. थापण्याचे हे काम मुलांकडे सोपवावे. माझ्या मुलीने थापलेला पहिला धपाटा कोणत्याही देशाच्या नकाशाशी जुळत नव्हता, पण तो तिने एकटीने संपविला, आणि धाकट्याला त्यातला तुकडाही दिला नाही. मधोमध बोटाने भोक पाडून, फडक्यासह तव्यावर उलटा टाकावा, फडके हलकेच सोडवावे, कडेने तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावा.

श्रोतेहो, आपल्या या गावात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांचे संसार शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा एका चुलीचे शहाणपण दुसरीने घ्यावे. तेलुगू पद्धतीचा, भिजविलेले हिरवे मूग वाटून घातलेला पेसरट्टू दहा मिनिटांत होतो. कन्नड घरांतील शेंगाची पोळी, गूळ आणि दाण्याचे कूट भरलेली, प्रवासातही टिकते. गुळाविषयी एक शंका नेहमी विचारली जाते. गूळ साखरेहून थोडा बरा, पण शेवटी ती साखरच. तो सढळ हाताने घालणे हितावह नाही.

उन्हाळ्यात, सकाळची शाळा असते तेव्हा, मुलांना काहीच घन पदार्थ गिळवत नाही. त्या दिवसांसाठी आंबील आहे. दोन चमचे ज्वारीचे पीठ पाऊण वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. या आंबण्याने, धान्यातील लोहास बांधून ठेवणारे द्रव्य बरेचसे सुटते. सुदानात ज्वारीचे पीठ आंबवूनच किसरा नावाची पातळ पोळी करतात. सकाळी वाटीभर पाण्यास उकळी आणून त्यात हे मिश्रण ढवळत सोडावे. गुठळी झाली की मुलांचे मन उडालेच. पाच-सात मिनिटे शिजवून, मीठ व जिरेपूड घालून, गार करून पेल्यातून द्यावे.

एक सूचना राहिली. मटकीप्रमाणे ज्वारीलाही मोड आणून द्यावेत, असे हल्ली कोणी कोणी सुचविते. तसे करू नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंभांत विषारी द्रव्य तयार होते; कोवळी ज्वारी चरून जनावर दगावते, हे आपल्या जिल्ह्यातील कोणताही शेतकरी सांगेल. मोड हवे असतील तर मटकीचे आणि मुगाचे घ्यावेत, आणि ज्वारीच्या हव्या तर लाह्या फोडाव्यात. नागपंचमीला आपण त्या फोडतोच. कोमट दुधात मूठभर लाह्या घालून वाटी पुढे ठेवली, की चहाच्या कपाची आठवण आमच्या घरी तरी आता निघत नाही.