कौलारू घराची डागडुजी

अंधेरीतले आंबोली, मरोळ किंवा बोरिवलीतले वझिरा अशा गावठाणांत जुनी कौलारू घरे अजून तग धरून आहेत. त्यांच्या दुरुस्तीची सुरुवात छपरापासून करावी. वरून गळत असताना भिंत रंगवणे म्हणजे पैसा पाण्यात.

कौले उतरवून प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर ते ठेवायचे, बद्द आवाज आला तर बाजूला. मंगळुरात 1865 पासून कारखान्यात बनू लागलेली ही कौले खाचेत खाच बसवून जुळतात, म्हणून बदली कौल त्याच मापाचे हवे. उघड्या पडलेल्या वाशांत आणि रिपांत वाळवी आहे का, हे तेव्हाच तपासावे. आढ्यावरचे सांधे मात्र हमखास फुटलेले असतात.

भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच करावा. सिमेंटचा थर ओल आत कोंडतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. ही चूक सर्रास होते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888च्या कलम 342नुसार गिलावा, रंगकाम आणि उंची न वाढवता त्याच साहित्याने छप्पर बदलणे या किरकोळ दुरुस्त्या मानल्या जातात. काम दिवाळीनंतर काढावे, मेअखेर संपवावे.