हिरा, हवालदार आणि पुनरागमन

1974 सालच्या एका लग्नघरात, मुलुंड पूर्वेकडील गव्हाणपाड्यातल्या आमच्या चाळीत, हळदीच्या दिवशी दुपारी माझ्या मावशीची नथ नाहीशी झाली, आणि त्या सायंकाळी फिर्याद घेण्यासाठी जे हवालदार आले, त्यांनी प्रथम खुर्ची मागितली, मग पंखा आपल्याकडे वळवून घेतला, नंतर चहा घेतला, आणि तदनंतर अत्यंत सुवाच्य अक्षरांत ‘फासाची नथ एक, टपोरे मोती सात, मध्ये लाल खडा’ असे लिहून घेऊन, उंबरठ्याबाहेर पडताना दारातल्या कलशाला लाथ लावली. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. पुढे 2009 साली घाटकोपरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मावशीसह ‘द पिंक पँथर 2’ हा चित्रपट पाहावयास बसलो असता, पडद्यावरील फ्रेंच गुप्तहेराने एका उपाहारगृहात मद्याच्या बाटल्या सावरता सावरता ते सारे उपाहारगृहच भस्मसात केले, तेव्हा मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “अरे, हा तर आपला नथीचा हवालदार!” चोरीस गेलेले रत्न आणि ते शोधणारा धांदरट अंमलदार या विषयाचा आढावा घेताना मला मावशीचे ते वाक्य वाटाड्यासारखे वाटत आले आहे.

या परंपरेचा आद्य पुरुष म्हणजे इन्स्पेक्टर जाक क्लूसो. ब्लेक एडवर्ड्स या दिग्दर्शकाने 1963 साली ‘द पिंक पँथर’ निर्मिला, तेव्हा त्याचा नायक डेव्हिड निव्हन, म्हणजे सभ्य वेषातील रत्नचोर सर चार्ल्स, हा होता. क्लूसो हे दुय्यम पात्र होते आणि तेही पीटर उस्तिनोव्ह करणार होते. उस्तिनोव्ह यांनी ऐन वेळी अंग काढून घेतले, त्यांच्या जागी पीटर सेलर्स आले, आणि दाराच्या कड्या, पृथ्वीगोल, बिछान्याच्या चादरी अशा निर्जीव वस्तूंशी त्यांनी असा काही कलह मांडला की चोर बाजूला राहिला व शिपाई सिंहासनावर बसला. ज्या हिऱ्यावरून चित्रपटाला नाव पडले, तो लुगाश नामक एका कल्पित पौर्वात्य राज्याच्या राजकन्येचा. त्यात एक दोष असून प्रकाशात धरल्यास तो झेपावणाऱ्या चित्त्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव गुलाबी चित्ता. दोषामुळेच नावाजलेला हिरा आणि दोषामुळेच लाडका झालेला गुप्तहेर, अशी ही जोडी आरंभापासूनच जुळलेली होती.

त्या पहिल्या चित्रपटाचा शेवट मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. चोराची साथीदार म्हणजे खुद्द क्लूसोची पत्नी, आणि न्यायालयात चोर म्हणून हाती लागतो तो स्वतः क्लूसो. कारण राजकन्येचा तो ऐवज त्याच्याच खिशातून बाहेर पडतो. शोध घेणाऱ्यालाच चोर ठरविण्याची ही युक्ती एडवर्ड्स यांची एकट्याची नव्हे. विल्की कॉलिन्सने 1868 साली ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी लिहिली. तीत 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत गेलेला एक भारतीय हिरा इंग्लंडातील एका घरातून गडप होतो, सीग्रेव्ह नावाचा पोलीस अधिकारी घरातल्या नोकरमाणसांना दुखवण्यापलीकडे काही साधत नाही, आणि अखेरीस असे उघडकीस येते की ज्या तरुणाने शोधासाठी सर्वांत अधिक धडपड केली, त्यानेच अफूच्या गुंगीत तो हिरा उचलला होता. रत्नचोरीच्या कथेचे गमक मला येथे सापडते : रत्न बाहेरचा मनुष्य क्वचितच नेतो, ते राखणाऱ्याच्या किंवा शोधणाऱ्याच्या हातूनच जाते.

क्लूसोचे पुढील भाग हे या गमकाचे विस्तार आहेत. 1964 च्या ‘अ शॉट इन द डार्क’मध्ये हिरा नव्हता, 1968 साली क्लूसोचे काम ॲलन आर्किन यांनी केले, पण ते प्रेक्षकांच्या मनात रुजले नाही. खरे पुनरागमन झाले ते 1975 साली, ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’मध्ये. हिरा लुगाशच्या संग्रहालयातून पुन्हा चोरीस जातो. क्लूसो मात्र तेव्हा साधा गस्तीचा शिपाई झालेला असतो. भर रस्त्यात एका आंधळ्या वादकाजवळ माकड आहे हे पाहून तो त्याला अडवितो आणि माकडाच्या परवान्याविषयी काथ्याकूट आरंभितो; त्याच वेळी पाठीमागच्या बँकेवर दरोडा चालू असतो, तो ‘आंधळा’ दरोडेखोरांचा पहारेकरी असतो, आणि हिशेबी काटेकोरपणाने वाद घालणाऱ्या आमच्या शिपायाला काहीच दिसत नाही. कायद्याचे अक्षर घट्ट धरून अर्थ हातचा निसटू देणाऱ्या अंमलदाराचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही. तिथेही हिरा अखेर सर चार्ल्सच्या पत्नीनेच, कंटाळा आला म्हणून, पळविलेला निघतो.

सेलर्स 24 जुलै 1980 रोजी वारले, तरी निर्मात्यांनी हिऱ्याचा नाद सोडला नाही. 1982 साली उरलेल्या फितींची जोडणी करून एक भाग निघाला, 1983 साली दुसरा, 1993 साली क्लूसोच्या मुलाचा तिसरा. त्यांची दखल एवढ्यापुरतीच की नट गेल्यावर नुसता ऐवज उरतो आणि त्याला कोणी हसत नाही. 2006 साली स्टीव्ह मार्टिन यांनी ती मिशी नव्याने लावली व 2009 साली हाराल्ड झ्वार्ट यांच्या दिग्दर्शनाखाली दुसरा भाग आला. ‘टॉर्नेडो’ नामक चोर मॅग्ना कार्टा, ट्यूरिनचे पवित्र वस्त्र, जपानच्या बादशाही घराण्याची तलवार अशी राष्ट्रांची भूषणे एकामागून एक नेतो, म्हणून देशोदेशींच्या निष्णात गुप्तहेरांचे पथक जमविले जाते. त्यात वाहने अयोग्य जागी उभी करणाऱ्यांना दंडाच्या पावत्या देण्यावर नेमलेल्या क्लूसोची वर्णी लागते. पथकात सोनिया नावाची एक गुन्हेगारीशास्त्राची अभ्यासक असते. ती भूमिका ऐश्वर्या राय बच्चन यांची, म्हणजे शाळेपासून संसारापर्यंत मुंबईच्या उपनगरांत रमलेल्या नटीची. आणि अखेरीस चोर निघते ती तीच! आमच्या रांगेतील मंडळी जिला पाहण्यासाठी तिकिटे काढून आली होती, तीच गुन्हेगार ठरताच प्रेक्षागृहात क्षणभर विलक्षण शांतता पसरली, आणि मग कुणीतरी शिट्टी वाजविली. राखणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला चोर पंचेचाळीस वर्षांनंतरही कामास येत होता.

मराठी प्रेक्षकाला हे सारे परके वाटत नाही, याचे कारण पॅरिसमध्ये नसून आपल्या वगात आहे. आपली रहस्यकथा मोठी करारी. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक कथांतला गुप्तहेर धनंजय कधी अडखळत नाही, आणि त्यांचाच दुसरा नायक झुंझार अडखळला तर तो वाचकाचा अपमान ठरेल. परंतु वगात राजा, प्रधान आणि हवालदार उभे राहिले की सत्तेच्या अंगरख्याची शिवण उसवू लागते. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या आणि 1965 साली रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये चोरी रत्नाची नव्हे, राजाच्या छपरी पलंगाची, आणि ती करतो कोण, तर वशिल्याने जागेवर चिकटलेला कोतवाल, नर्तकी मैनावतीच्या हट्टापायी! त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला हवालदार दादा कोंडक्यांनी रंगविला. तो सोंग घेऊन मूर्ख दिसतो आणि क्लूसो गांभीर्य पांघरून मूर्ख दिसतो. हवालदाराला आपण हसवीत आहोत हे ठाऊक असते, क्लूसोला कदापि नसते. भेद हा इतकाच. नगराचा राखणदारच पलंग उचलतो, हे पाहून उपनगरातल्या नाट्यगृहात हसणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच व्यवस्थेपुढे अर्ज घेऊन उभा राहावयाचा असतो. म्हणून त्या हसण्यात सूड आहे आणि क्षमाही आहे.

हिंदी चित्रपटाने या मालावर बरीच वर्षे व्यवहार केला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 1943 सालचा ‘किस्मत’ हा चोराला नायक करून चोरीच्या हाराभोवती कथा फिरवतो. 1972 सालच्या ‘व्हिक्टोरिया नं. 203’मध्ये चोरलेले हिरे एका घोडागाडीच्या दिव्यात दडवलेले असतात आणि अशोक कुमार व प्राण हे दोन उतारवयातले बदमाश त्यांचा माग काढतात. 1975 साली, म्हणजे क्लूसोच्या पुनरागमनाच्याच वर्षी, नरेश कुमार यांच्या ‘दो जासूस’मध्ये राज कपूर व राजेंद्र कुमार हे थोराड गुप्तहेर झाले, आणि 1982 साली त्याच दिग्दर्शकाच्या ‘गोपीचंद जासूस’मध्ये राज कपूर पुन्हा त्या व्यवसायात उतरले. 1967 चा ‘ज्वेल थीफ’ गंभीर. त्याचे ‘रिटर्न ऑफ ज्वेल थीफ’ हे 1996 चे पुनरागमन, नावाने परतले पण चमक मागे ठेवून आले.

पडद्यावरील या हिऱ्यांच्या शेजारीच उपनगरांत खऱ्या हिऱ्यांचा संसार आहे आणि त्यात धांदरटाला तिळमात्र जागा नाही. अंधेरी पूर्वेकडील सीप्झ, 1973 साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी स्थापन झालेले क्षेत्र, पुढे दागिन्यांच्या कारखान्यांनी भरून गेले. तेथे कारागिराला सकाळी सोने वजन करून दिले जाते, सायंकाळी वजन करून परत घेतले जाते, आणि ठरलेल्या घटीपेक्षा घट अधिक आली की विचारणा होते. पूर्वी सोनाराच्या दुकानासमोरील धूळ झारेकरी गोळा करीत; येथे जमिनीवरचा केर, हात धुतलेले पाणी, कामाचे कपडे, यांतील कणही गाळून घेतले जातात, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती होते. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. एवढ्याशा खड्यासाठी जी दक्षता, ती पाहिल्यावर मला क्लूसोचे रहस्य उमगले. ज्या जगात आपल्याला रोज झडती देऊन वागावे लागते, त्या जगात कुणीतरी मोठ्या ऐटीने झडती घेत असताना घसरून पडावे, ही इच्छा अंधेरी ते मुलुंड प्रवास करणाऱ्या प्रत्येक कष्टकऱ्याच्या पोटात असते. बोरिवलीत ‘डायमंड’ नावाचे चित्रपटगृह होते. तिकीट काढून हिऱ्यात शिरावे आणि झडतीविना बाहेर यावे, एवढी चैन उपनगरवासीयांना त्या नावाने दिली.

आता पुनरागमनाचा प्रश्न उरतो. रत्न एकदा सापडल्यावर ते पुन्हा चोरीस का जावे? इंग्रजी व्यापारी याचे उत्तर गल्ल्यात देईल, आणि ते खोटे नाही. परंतु मराठी मनाने याला जुन्या काळीच एक नाव दिलेले आहे, ते म्हणजे ‘आणखी’. चिं. वि. जोशींनी चिमणरावांची चऱ्हाटे संपवून पुढे ‘आणखी चिमणराव’ लिहिले. त्या नावात पुढे काय घडले याची उत्कंठा नाही, त्याच माणसाने पुन्हा चुकावे अशी माया आहे. 2004 साली सचिन पिळगावकरांनी ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये एस. टी.तून गणपतीपुळ्याचा नवस फेडविला आणि वीस वर्षांनी, 2024 च्या सप्टेंबरात, त्याच्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वेच्या गाडीने तीच वाट धरली. पूर्वी कंडक्टर झालेले अशोक सराफ आता तिकीट तपासनीस झाले. स्थळ तेच, वाहन बदलले, तिकीट तपासणारा तोच. पुनरागमनाचे यश याच प्रमाणात असते : वाहन बदलावे, माणूस बदलू नये. मार्टिन यांचा क्लूसो जेथे जेथे फसला, तेथे तेथे तो सेलर्सचा क्लूसो होण्याची धडपड करीत होता. जेथे तो साध्या पावत्या देणारा शिपाई राहिला, तेथे मावशी मनसोक्त हसली.

त्या नथीचेही पुनरागमन झाले, हे सांगावयाचे राहिले. वऱ्हाड परतल्यावर चौथ्या दिवशी तांदळाचा डबा उपसताना ती सापडली. लग्नघरात परकी माणसे फार, म्हणून मावशीच्या सासूबाईंनीच ती राखणीसाठी तेथे ठेवली होती आणि पंगतींच्या धांदलीत विसरून गेल्या होत्या. तपास चालू असताना त्याच हवालदाराला चहा देत होत्या! मिळालेल्या ऐवजाची नोंद करण्यासाठी ते पुन्हा आले, पुन्हा खुर्ची मागितली, पंखा वळवला, चहा घेतला, आणि त्याच सुवाच्य अक्षरांत नवा जबाब लिहिला : ‘फासाची नथ एक, टपोरे मोती आठ, मध्ये लाल खडा’. सासूबाईंनी खाली सही केली, सात की आठ हे कुणी मोजले नाही, आणि सरकारी दप्तरात एक मोती कुठेही चोरीला न जाताच सापडून राहिला. जाताना हवालदारांनी कलशाला वळसा घातला. लाथ या खेपेस चहाच्या बशीला लागली.