राउटरच्या नोंदीत चोर दिसला तेव्हा : एआरपी आणि माझा एक फसलेला प्रयोग

संशोधनात पडायचं ठरवलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज प्रयोगशाळेतली नाही, घरातली गोष्ट सांगतो. मी नेटवर्कवाला नाही, माझी पीएचडी भौतिकशास्त्रातली. पण या प्रकरणात मी जी चूक केली ती कुठल्याही विषयात होऊ शकते, आणि तिच्यापायी एका बारावीच्या मुलाला मी जवळजवळ चोर ठरवलं होतं.

आम्ही तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. एका जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर ओपीएनसेन्स टाकून मी फायरवॉल राउटर केला आहे. शिवाय एक म्हातारा लॅपटॉप लिनक्स टाकून कपाटावर ठेवलाय. प्रयोगशाळेतली रीडिंग्ज रात्री त्याच्यावर कॉपी होतात. तीन वर्षांचं काम आहे त्यात, त्यामुळे घरच्या नेटवर्कबद्दल मी जरा हळवा आहे.

एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, मुलाला ऑनलाइन टेस्ट सिरीज द्यायची आहे, थोडे दिवस तुमचं वायफाय वापरू दे का. मी पासवर्ड दिला. दोन दिवसांनी रात्री एक वाजता पाहिलं तर घरात सगळे झोपलेले आणि राउटरचा बाहेरच्या बाजूचा दिवा सारखा लुकलुकतोय. नोंदी उघडल्या. त्यात रविवारपासून एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती. तिचा अर्थ असा : १९२.१६८.१.१० हा पत्ता एका मॅक पत्त्यावरून दुसऱ्या मॅक पत्त्यावर गेला. थोड्या वेळानं पुन्हा उलट. आणि .१० म्हणजे माझा कपाटावरचा लॅपटॉप!

पासवर्ड रविवारी दिला, गडबड रविवारी सुरू. डोक्यात गोष्ट तयार झाली.

एआरपी म्हणजे काय, थोडक्यात

आयपी पत्ता म्हणजे यंत्राचं नेटवर्कमधलं ठिकाण. पण एकाच जाळ्यातल्या दोन यंत्रांमध्ये डेटा प्रत्यक्ष पोचतो तो नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावर. या दोघांची जोडी लावून देणारा नियम म्हणजे एआरपी. डेव्हिड प्लमर यांनी तो आरएफसी ८२६ मध्ये १९८२ साली मांडला.

पद्धत अगदी साधी. पोस्टमन बिल्डिंगच्या खाली उभा राहून ओरडतो, "तीनशे चार कोणाचं?" सगळ्यांना ऐकू जातं, ज्याचं असेल तो उत्तर देतो. राउटर तसंच विचारतो, ".१० कोणाकडे आहे?" उत्तर आलं की ते तक्त्यात लिहून ठेवतो. फ्रीबीएसडीत, म्हणजे ओपीएनसेन्स ज्याच्यावर उभं आहे त्या प्रणालीत, ही नोंद नेहमीच्या सेटिंगप्रमाणे १२०० सेकंद टिकते. मग पुन्हा विचारणा.

उत्तर देणारा खरा आहे की खोटा, हे तपासायची सोय या नियमात नाही. जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास. म्हणून कोणीही दुसऱ्याच्या पत्त्यावर हक्क सांगू शकतो आणि त्याचा डेटा आपल्याकडे वळवू शकतो. याला एआरपी स्पूफिंग म्हणतात. माझ्या डोक्यात नेमकं हेच बसलं होतं.

लुकलुकणारा दिवा

आधी बाहेरची बाजू बघू, कारण ती सोपी निघाली. राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर टीसीपीडम्प लावला. (फिल्टर म्हणून नुसतं 'एआरपी' द्यायचं. 'ई' हा पर्याय दिला की मॅक पत्ते दिसतात, 'एन' दिला की तो नावं शोधत बसत नाही.) ओळींचा धबधबा सुरू झाला. अमुक पत्ता कोणाकडे आहे? तमुक कोणाकडे? मी घाबरून फायरवॉलमध्ये अडवायचा नियम लिहिला. काही फरक नाही! कारण हे नियम आयपी पॅकेटला लागतात, आणि एआरपी आयपीच्या आत बसून येतच नाही. त्याचा प्रकारच वेगळा.

मग शांतपणे वाचलं. सगळे प्रश्न एकाच मॅक पत्त्यावरून येत होते, आणि तो माझ्या इंटरनेटवाल्याच्या गेटवेचा होता. विचारलेले पत्ते माझ्याच गटातले, म्हणजे आजूबाजूच्या इतर ग्राहकांचे. आमच्या भागातली बरीच घरं एकाच जाळ्यात जोडलेली आहेत, म्हणून शेजाऱ्यांसाठीची हाक मलाही ऐकू येते. त्यात इंटरनेटवर कोणी ना कोणी पत्त्यांचे गट चाचपत असतंच. ज्या पत्त्यावर कोणीच नाही त्याच्यासाठी पॅकेट आलं की गेटवे विचारतो, उत्तर येत नाही, पुढच्या पॅकेटला पुन्हा विचारतो. दिवा लुकलुकतो तो त्यामुळे.

यात धोका नाही. एआरपीची हाक राउटर ओलांडून घरात येत नाही. घरातलीच हाक बाहेरच्या पोर्टवर किंवा बाहेरची घरात दिसली, तर मात्र आधी केबली तपासा. दोन्ही बाजू चुकून एकाच स्विचमध्ये खोचलेल्या असणं हे त्याचं अगदी नेहमीचं कारण.

हा दिवा बहुधा पहिल्या दिवसापासूनच लुकलुकत होता. मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा पाहिला. माझ्याकडे 'नेहमीचं' असं काही नोंदलेलंच नव्हतं. स्पेक्ट्रोमीटरवर मी दिवा बंद ठेवून डार्क रीडिंग घेतल्याशिवाय एकही मोजमाप करत नाही. घरी मात्र थेट निष्कर्षावर उडी!

फसलेला प्रयोग

आता आतली बाजू. माझा तर्क असा : तो मुलगा .१० वर हक्क सांगतोय. चाचणी काय केली? वायफायचा पासवर्ड बदलला. फक्त माझ्या फोनवर नवा टाकला.

नोंदी थांबल्या. एकदम शांत.

म्हणजे सिद्ध झालं, नाही का? त्या रात्री साडेनऊला मुलगा दारात आला. "दादा, नेट गेलंय का? उद्या पेपर आहे." मी म्हणालो, लाईन खराब आहे. खोटं बोललो. काकूंशी सकाळी कसं बोलायचं याची वाक्यंही मनात जुळवून ठेवली.

सकाळी काकू भेटल्या नाहीत, हे नशीब. दुपारी रूममेट वैतागला, त्याचा लॅपटॉप, प्रिंटर, सगळं बंद. म्हणून जुना पासवर्ड परत लावला. अर्ध्या तासात ती ओळ पुन्हा हजर. मुलगा सकाळपासून क्लासला गेलेला होता, फोन घेऊन. तिथे माझी गोष्ट कोसळली.

चूक तुमच्या लक्षात आली असेल. पासवर्ड बदलून मी एका मुलाला नाही, घरातल्या प्रत्येक बिनतारी यंत्राला बाहेर काढलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा पहिल्या वर्षाचा धडा. मी एका झटक्यात सात-आठ गोष्टी बदलल्या आणि निकालाचं श्रेय ज्याच्यावर संशय होता त्याला दिलं.

मग नीट विचारलेला प्रश्न

या वेळी आधी कागदावर लिहिलं : स्पूफिंग असेल तर काय दिसेल, नसेल तर काय दिसेल.

• स्पूफिंग करणारा सहसा कोणी न विचारताही उत्तरं पाठवत राहतो, कारण खोटी नोंद टिकवून ठेवावी लागते. एकाच मॅक पत्त्याकडून अनेक आयपींवर हक्कही सांगितला जाऊ शकतो.
• एकाच यंत्राची दोन कार्डं उत्तर देत असतील तर राउटरनं विचारल्यावरच उत्तर येईल, आणि दोन उत्तरं जोडीनं, एकापाठोपाठ.
• दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिला गेला असेल तर दोन्ही जोडण्या सारख्या तुटत राहतील.

आतल्या पोर्टवर तासभर कॅप्चर घेतला. एक प्रश्न, लगेच दोन उत्तरं. पुन्हा साधारण वीस मिनिटांनी तेच. १२०० सेकंद आठवले? न विचारता आलेलं उत्तर एकही नाही.

दुसरा मॅक पत्ता कोणाचा, हे डीएचसीपीच्या यादीत पाहिलं. .२३ समोर तोच मॅक, आणि नाव माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपचंच! त्याच रविवारी मी कपाट पुसायला लॅपटॉप खाली काढला होता, तेवढ्यापुरता वायफायला जोडला, नंतर केबल लावली आणि वायफाय बंद करायचं विसरलो. लिनक्स आयपी पत्ता कार्डाचा नाही, पूर्ण यंत्राचा समजतं. त्यामुळे .१० बद्दलचा प्रश्न वायफाय कार्डावर ऐकू आला तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये ते तिथूनही उत्तर देतं. याला एआरपी फ्लक्स म्हणतात. पासवर्ड बदलल्यावर शांतता का पसरली, तेही कळलं.

शेवटची चाचणी : फक्त लॅपटॉपचं वायफाय बंद, बाकी सगळं जसंच्या तसं. ओळ गायब. पुन्हा चालू केलं, ओळ परत. दोन्ही दिशांनी तपासलं, मग कायमचं बंद केलं. दोन्ही कार्डं चालू ठेवणं भाग असेल तर एआरपी_इग्नोर १ आणि एआरपी_अनाउन्स २ करायचं.

तुमच्या घरी असं दिसलं तर

१. आधी काहीही न बदलता कॅप्चर घ्या. काही बदललं की पहिला पुरावा गेला.
२. हाक कुठल्या बाजूची आणि विचारणारा मॅक कोणाचा, ते बघा.
३. विचारणाऱ्याचा पत्ता ०.०.०.० असेल तर घाबरू नका. नवं यंत्र पत्ता वापरण्याआधी तो रिकामा आहे ना, हे विचारतंय. हा प्रकार आरएफसी ५२२७ मध्ये आहे, २००८ ची.
४. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या यंत्राला बहुधा डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही.
५. अनोळखी मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नसून यंत्रानं स्वतः ठरवलेला आहे. हल्लीचे फोन असे बदलते पत्ते वापरतात, त्यामुळे तो अनोळखी पाहुणा तुमचाच फोन असू शकतो.
६. स्पूफिंगची शंका तरीही उरली तर ती खोटी ठरवणारी चाचणी आधी लिहा, मग करा.

सहावा मुद्दा मला सगळ्यात महाग पडला. माझ्या मनात एक गोष्ट तयार होती आणि मी अशी चाचणी निवडली जिच्यातून ती खोटी ठरूच शकली नसती. लॅपटॉपचं काहीच बिघडलं नाही, तीन वर्षांची रीडिंग्ज सुखरूप आहेत. पण परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलाचं नेट मी तोडलं, तेही संशयावर. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याला सगळं खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दादा, मला विचारायचं ना."

तेवढं एक मोजमाप मी घेतलंच नव्हतं.