पावसाने घडवलेला सडा

या पोरांनो, चपला काढल्यात तरी चालेल. भाद्रपदात कातळ भाजत नाही. हेच वैशाखात आला असतात तर पाऊल टेकवलं नसतंत.

आपण उभे आहोत तो राजापूर तालुक्यातला एक सडा. गावात याला डोंगर म्हणतात, पण उंची समुद्रापासून फार तर शे-दीडशे मीटर. सह्याद्रीपुढे अगदीच बुटका. चढून आलो तर वर शेंडा नाहीच, नुसतं मैदान! समोर बघा, खाली नदीचं खोरं, आणि पलीकडे पुन्हा असाच सपाट माथ्याचा सडा, जवळजवळ याच उंचीचा. डोंगर काही एकमेकांना विचारून उंची ठरवत नाहीत. मग हे सगळे एका पातळीत कसे आले?

त्यासाठी साधारण साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. त्या थरांचा काळा, टणक दगड म्हणजे बेसाल्ट, आपली काळवत्री. सह्याद्रीचे कडे त्याचेच आहेत. पण इथे तर पायाखाली तांबडा, भोकाभोकांचा जांभा! काळ्याचा तांबडा कुणी केला?

पावसाने. आणि नुसत्या पाण्याने.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते दगडात मुरतं आणि त्यातली एकेक गोष्ट विरघळवून नेतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी जातात. काळ्या दगडात जवळजवळ निम्मा भाग सिलिकेचा, तोही हळूहळू जातो. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र पाण्याला दाद देत नाहीत, ते जागच्या जागी राहतात. चहाची तीच पूड पुन्हा पुन्हा उकळा, रंग, चव, कडवटपणा सगळं निघून जातं आणि तळाशी चोथा राहतो. जांभा हा काळ्या दगडाचा चोथा आहे. त्यातल्या लोहाला गंज चढला म्हणून तो तांबडा, आणि आतलं वाहून गेलं म्हणून सच्छिद्र. याला उष्ण हवा आणि भरपूर पाऊस लागतो, आणि वेळ लागतो लाखो वर्षांचा.

‘पण आजोबा, हा चोथा लाव्हाचाच कशावरून?’ अगदी बरोबर विचारलंस. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलास तर तिथे तळाला हा काळा दगड नाही, त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. तरीही वर जांभा आहेच. म्हणजे मूळ दगड कुठलाही असो, पावसाने त्याला धुऊन धुऊन तांबडा करून ठेवला.

आता सपाट माथ्याचं कोडं. जांभा तयार होत होता तेव्हा हा मुलूख सलग, सखल मैदान होता. नंतर किनाऱ्याची जमीन हळूहळू उचलली गेली. नद्यांना उतार मिळाला, त्यांना जोर आला आणि त्या जमीन चिरत निघाल्या. काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटन, प्रत्येकीने आपापलं खोरं कोरलं. मधे मधे जांभ्याची टणक टोपी टिकली, ते आजचे सडे. म्हणून सगळे एका पातळीत. तुम्हाला दिसतात ते वेगवेगळे डोंगर, पण माथे एकाच जुन्या मैदानाचे तुकडे आहेत.

या दगडाची आणखी एक गंमत. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमजवळच्या अशाच दगडाचं वर्णन छापलं. जमिनीत असताना तो इतका मऊ की लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, बाहेर काढून हवा लागली की टणक होतो. आपल्या चिरेखाणीतल्या माणसांना हे सांगायला बुकॅनन यावा लागला नाही. त्यांनी याच जोरावर घरं, देवळं, गडगे आणि विहिरी बांधल्या.

आता तांब्याभर पाणी त्या फटीत ओता बघू. गेलं कुठे? खाली. भोकाभोकांतून झिरपत ते जांभ्याच्या तळाशी पोचतं. तिथे अर्धवट कुजलेल्या दगडाची चिकणमाती असते, ती पाण्याला पुढे जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं. आपल्या आगरातल्या पोफळी, वाडीची विहीर, उन्हाळ्यात उशिरापर्यंत वाहणारा पऱ्या, सगळे या कोरड्या दिसणाऱ्या माथ्यावर पोसलेले. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बराचसा समुद्राला मिळतो. जो मागे राहतो, तो ठेवायची एक कोठी आपल्या पायाखाली आहे.

आता गुडघे टेकून बसा. हे डबकं बघा, चार बोटं खोल. कडेला निळी-जांभळी इवलीशी फुलं आहेत ना? ती सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण खाणं मांसाहारी! पावसाने दगडातली पोषणद्रव्यं धुऊन नेली, मग इथल्या झाडांनी खायचं काय? या रोपाने उपाय काढला. याला खरी मुळं नाहीत. ओल्या मातीत याचे दोऱ्यासारखे तंतू आहेत आणि त्यांवर खसखशीएवढ्या पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, तेव्हा आतला दाब कमी होतो. तिच्या दाराशी केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार आत उघडतं, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि दार बंद. सगळं एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत! मग सावकाश पचन. शेजारची ती चिकट थेंबांची वनस्पती म्हणजे दवबिंदू. तीही किडेच खाते, पण चिकटवून. पांढऱ्या गोंड्यांचे गेंद आहेत, आणि पावसाच्या सुरुवातीला आला असतात तर पांढरी दिपकाडी दाखवली असती. पश्चिम किनाऱ्याचा हा पट्टा सोडला तर जगात ती कुठे रानात उगवत नाही. दसऱ्यानंतर पाणी आटतं, बी कातळाच्या फटीत झोपी जातं आणि लोक म्हणतात, सड्यावर काही नाही.

हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना मात्र इथे बरंच काही दिसलं. त्यांनी या कातळावर चित्रं कोरली: हत्ती, वाघ, मासे, माणसं, अगदी आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव हिंडून अशी हजाराहून जास्त कातळशिल्पं उजेडात आणली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. २०२२ मध्ये उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशी कोकणातली ठिकाणं आणि गोव्यातलं फणसायमळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. गावकऱ्यांना यातली कितीतरी चित्रं आधीपासून ठाऊक होती. जपायची गोष्ट आहे हे नंतर कळलं.

सरकारी दप्तरात मात्र असा कातळ पोटखराबा नाहीतर पडीक. एकदा पडीक लिहिलं की त्याचं काहीही करायला माणूस मोकळा. सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरची माती भरून कलमं लावायची. यंत्राने चिरे कापत तळाच्या मातीपर्यंत उतरायचं. मग फुलांची डबकी जातात, कोठीची जाडी जाते, आणि काही वर्षांनी खालच्या वाडीत चर्चा होते की झरा लवकर का आटतो. मी जांभ्याच्याच घरात राहतो आणि हापूस मलाही गोड लागतो, तेव्हा चिरा काढूच नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण कुठून काढायचा नाही, हे आधी ठरवता येतं. झऱ्याच्या डोक्यावरचा कातळ, पावसाळी डबकी आणि कातळशिल्पांच्या भोवतीची जागा, एवढी तरी वगळा. जांभा पुन्हा घडायला लाखो वर्षं लागतात.

उंचावरच्या कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे आता माणसं मोजून सोडतात. आपल्या बुटक्या सड्यांकडे बघायला कुणी येणार नाही, ते आपणच करायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती असते आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही असते. तुमच्या गावच्या वहीत सडा आहे का, ते विचारा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेला जा आणि झरे, डबकी, फुलं, चित्रं, सगळं नावानिशी लिहून घ्यायला लावा. मोठी माणसं ऐकत नसतील तर त्यांना एकदा भाद्रपदात इथे घेऊन या आणि या डबक्याशी गुडघे टेकायला सांगा.