भिंतीपलीकडची धडधड

होम थिएटरवर चित्रपट लावला की शेजाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : "संवाद एकही कळत नाही, पण धडधड मात्र सारखी ऐकू येते." तान्हे मूल निजवणारी आई, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, रात्रपाळी करून आलेला माणूस यांना ही धडधड असह्य होते. सगळे आवाज एकाच खोलीतून निघतात. मग भिंत संवाद अडवते आणि ढोल का सोडते? उत्तरासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

एखादे जड लोखंडी फाटक ढकलून पाहू. सावकाश मागे-पुढे ढकलले तर ते झुलते. तेवढ्याच जोराने पण भराभर ढकलले तर जागीच थरथरते, कारण त्याने वेग घेण्याआधीच बलाची दिशा बदलते. भिंतीचेही तसेच. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. ते भिंतीला आलटून पालटून ढकलतात व ओढतात. वारंवारता दुप्पट झाली की भिंतीच्या कंपनाचा वेग निम्मा होतो आणि पलीकडे जाणारी ऊर्जा चौथाई होते. म्हणजेच ६ डेसिबेलची घट. भिंतीचे वस्तुमान दुप्पट केले तरी जवळपास हाच परिणाम होतो. याला 'वस्तुमानाचा नियम' म्हणतात.

आता ५० हर्ट्झचा ढोल आणि १६०० हर्ट्झचा संवादातील स्वर घेऊ. ५० पासून १६०० पर्यंत पाच वेळा दुप्पट करावे लागते. ५ गुणिले ६ म्हणजे ३० डेसिबेल. ऊर्जेच्या भाषेत हजारपट फरक! भिंतीच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात हा आकडा बदलतो, पण कल स्पष्ट आहे. सबवूफर हा खर्जाचा स्पीकर साधारण २० ते १२० हर्ट्झ या पट्ट्यात काम करतो. भिंत नेमकी तिथेच दुबळी असते.

त्यात अनुनादाची भर पडते. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. शेजारची खोली ४ मीटर लांब असेल तर ८ मीटर तरंगलांबीचा, म्हणजे ४३ हर्ट्झचा स्वर त्या खोलीत अर्ध्या तरंगाने बरोबर बसतो. भिंतीतून झिरपलेला हा स्वर तिथे भिंतींजवळ अधिकच घुमतो. पलंगाची उशी बहुधा भिंतीलाच लागून असते.

यावर उपाय म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा स्पंज चिकटवण्याची पद्धत आहे. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. सच्छिद्र वस्तू आवाज शोषतात आणि खोलीतला घुमारा कमी करतात. हार्वर्डमधील एका व्याख्यानगृहाचा घुमारा वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून अभ्यासला, तो खुर्च्यांवरच्या गाद्या आणून. परंतु आवाज पलीकडे जाऊ न देण्यासाठी वजन हवे, आणि स्पंजला वजन नसते. शिवाय ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. दोन इंची स्पंज तिला जाणवतही नाही.

फटींचे मात्र तसे नाही. दाराचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर आणि खाली ९० सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर उंच फट आहे असे धरू. ही फट दाराच्या सुमारे २२० वा भाग होते. दार कितीही भक्कम असले तरी एकूण घट २३-२४ डेसिबेलच्या पुढे जात नाही. रबराची पट्टी लावून फट बुजवली तर संवाद आणि किंकाळ्या जिन्यात जाणे बरेच कमी होते.

दुसरी वाट फरशीची. मोबाइल थरथराटावर ठेवून बाकावर ठेवावा आणि विद्यार्थ्यांना बाकाच्या दुसऱ्या टोकाला कान लावायला सांगावे. मग मोबाइलखाली घडी घातलेला टॉवेल ठेवावा. फरक लगेच कळतो. सबवूफरखाली जाड, मऊ रबर ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे. रबर वजनाने थोडे दबले पाहिजे. दगडासारखे टणक रबर उपयोगाचे नाही. तरीही हवेतून स्लॅबवर आदळणारा खर्ज यामुळे थांबत नाही.

म्हणून खरा उपाय उगमापाशी. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर भिंतींच्या आधाराने अधिक घुमतो. तो कोपऱ्यातून आणि सामाईक भिंतीपासून दूर आणावा. त्याची पातळी १० डेसिबेलने उतरवली तर ऊर्जा एकदशांश होते. अनेक यंत्रांत 'नाइट मोड' असतो. तो स्फोट दबवतो आणि कुजबुज उचलतो, त्यामुळे संवादासाठी आवाज वाढवावा लागत नाही. फार उशिरा हेडफोन सर्वांत बरा.

भारतातील ध्वनिप्रदूषण नियम (२०००) निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेलची मर्यादा सांगतात. हे मापन 'ए' भारांकनाने होते. कान खर्जाला कमी संवेदनशील असतो म्हणून या पद्धतीत ५० हर्ट्झचा स्वर ३० डेसिबेलने कमी धरला जातो. साहजिकच मापकावरचा आकडा नियमात बसूनही भिंत थरथरत असू शकते.

तेव्हा मापक शेजाऱ्यांच्या घरी न्यावा, आणि तो मापक म्हणजे आपला कान. आधी विचारून, रात्रीच्या शांत वेळी, आपल्याकडे चित्रपटातला सर्वांत दणदणीत प्रसंग लावावा आणि त्यांच्या निजायच्या खोलीत उभे राहून ऐकावे. धडधड विरेपर्यंत घरच्या माणसाला आवाज उतरवायला सांगावा आणि तो आकडा लिहून ठेवावा. रात्री १० नंतर आपली मर्यादा तीच.