जिरायत गव्हाचें झाड कसें असावें ?

दख्खनच्या काळ्या जमिनींत जिरायत गहूं करणाराचें भांडवल एकच, आणि तें म्हणजे पावसाळा सरतांना जमिनींत मुरलेली ओल. पेरणीनंतर पाऊस येईलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. सबब ही शिल्लक पीक कशी खर्च करतें, यावरच खळ्यांत किती दाणा यावयाचा हें ठरतें. असें असूनही बियाण्याची निवड करतांना आमचे पुष्कळ शेतकरी बंधु शेजारच्या बागाईत रानांतील डौलदार पीक पाहून भुलतात.

आमची नोकरी महसूल खात्यांत गेली. आणेवारीच्या, म्हणजे हल्लींच्या पैसेवारीच्या, निमित्तानें शिवारें पुष्कळ पाहण्यांत आलीं. जें जिरायत रान मार्गशीर्षांत फुटव्यांनीं गच्च भरलेलें दिसे, त्याच्याच ओंब्या पुढें हातावर चोळल्या म्हणजे दाणा चिमलेला निघे. शेजारचें विरळ रान मात्र भरीव दाणा देई. यांत दैवाचा कांहीं संबंध नाहीं. फाजील फुटवे व रुंद पानें पहिल्या दीड महिन्यांतच ओल पिऊन टाकतात, आणि दाणा चिकांत येतो त्या वेळीं जमीन कोरडी पडलेली असते.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागांतील गहूंही बराचसा आपल्याप्रमाणेंच साठलेल्या ओलीवर वाढतो. तेथील रिचर्ड्स व पॅसिउरा या शास्त्रज्ञांनीं मुळांतील पाणी वाहणाऱ्या नळ्या मुद्दाम अरुंद असलेलें गव्हाचें वाण तयार केलें. हेतु हा, कीं झाडानें आरंभीं पाणी जपून प्यावें व उरलेलें ओंबीच्या कामीं यावें. १९८९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत कोरड्या ठिकाणीं अशा वाणाचें उत्पन्न अधिक आलें होतें. त्याच देशांत २००२ सालीं 'ड्रायस्डेल' नांवाची जात निघाली. तितक्याच पाण्यांत अधिक वाढ करणारें झाड निवडून ती तयार झाली आहे.

मूळ खोल जाणें हा दुसरा मोठा गुण. मेक्सिकोंतील ओब्रेगॉन येथें गहूं संशोधक दुपारीं पिकाच्या माथ्याचें उष्णमान यंत्रानें मोजतात. ज्या झाडाची मुळें खालच्या ओलीपर्यंत पोंचतात, त्याचा माथा इतरांहून थंड राहतो, आणि अशीं झाडें बहुधा अधिक पिकतात.

उन्हाची गोष्ट वेगळी. दाणा भरतांना सरासरी उष्णमान १५ अंशांहून वाढलें, कीं दर अंशामागें उत्पन्न शेंकडा ३ ते ४ घटतें, असें नियंत्रित हवेंतील प्रयोगांत दिसून आलें आहे. कारण दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. म्हणून लवकर निसवणारी जात बरी. फुलोऱ्यापर्यंत कांडांत सांठविलेली साखर पुढें दाण्यांत उतरविणारें झाड पानें वाळलीं तरी तग धरतें. कुसळें व पानांवरील निळसर मेणचट थर हेही उपयोगी आहेत.

आतां पाभरीचा प्रश्न. १९६६ सालीं मेक्सिकोहून १८,००० टन बियाणें आलें व ठेंगण्या गव्हाचा प्रसार झाला. या गव्हांतील ठेंगणेपण मूळ जपानच्या 'नोरिन १०' या जातीकडून आलेलें. खत-पाण्यानें तो लोळत नाहीं; त्याचे उपकार बागाईतदार विसरणार नाहीं. परंतु ज्या गुणानें कांड आंखूड झालें, त्याच गुणानें कोंबावरचें टोपणही आंखूड झालें. वरची माती वाळली म्हणजे जुन्या उंच गव्हासाठीं आपण पाभर खोल धरीत होतों व तो वर येई. ठेंगण्याचा कोंब तितक्या खोलींत वाटेंतच मरतो. मग विक्रेत्यास शिव्या मिळतात. ठेंगणी जात असल्यास बीं पांच-सहा सेंटिमीटरांहून खोल जाऊं देऊं नये, आणि तितक्यांत ओल नसेल तर ती जात त्या रानांत घेऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जिरायतीसाठीं निफाडच्या संशोधन केंद्राची 'पंचवटी' ही बन्सी जात शिफारशींत आहे. 'नेत्रावती' ही जिरायतीस किंवा एखाद्या पाण्यावर घेण्याजोगी. पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यांत उरकावी. विहिरीस एकाच पाण्यापुरता पुरवठा असल्यास तें उगवणीनंतर लगेच न देतां पेरणीपासून ४० ते ४२ दिवसांनीं, पीक कांडी धरूं लागतें त्या सुमारास, द्यावें.