खुराड्यातली गादी कोरडी ठेवा

घरामागे चार-पाच कोंबड्या पाळून, अंडी विकून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागविणारी कुटुंबे आपल्यात आहेत. दाण्याकडे सर्वांचे लक्ष असते. कोंबडीच्या पायाखालच्या गादीकडे फारसे कोणी पाहत नाही. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे परजीवी वाढतात आणि पिले दगावतात. विष्ठेतून अमोनिया वायू सुटून कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात.

खुराड्यात भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा 2 ते 3 इंच पसरावा. बुरशी लागलेला भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नये. गादी दोन-तीन दिवसांनी खालीवर करावी, पावसाळ्यात रोज. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग लगेच काढावा. मूठभर तूस दाबून पाहावे. त्याचा गोळा झाला तर ओल जास्त आहे. मूठ उघडताच मोकळे झाले तर ठीक.

गादी काढताना नाकाला फडके बांधावे, नंतर साबणाने हात धुवावेत. मुलांनाही ही सवय लावावी, कारण विष्ठेतील जंतूंनी माणसालाही जुलाब होतात. जुनी गादी खड्ड्यात कुजवली की झाडांना चांगले खत होते.

हिशेब सोपा आहे. तूस पुन्हा आणता येते, अंड्यावर आलेली कोंबडी गेली की ते उत्पन्न बुडालेच.